वऱ्हाडांतील मृगमांसाचा पाक : साधनांचा विचार

महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यानांत दमयंतीची शेवटची खात्री पटली ती मांसाच्या चवीवरून. ऋतुपर्ण राजाचा सारथि होऊन बाहुक या नांवानें नल कुंडिनपुरास आला असतां तिनें केशिनी दासीकडून त्याच्या हातचें शिजलेलें मांस मागविलें, तें चाखलें, आणि ती चव पूर्वीं अनेकदां घेतलेली असल्यामुळें हा दुसरा कोणी नव्हे असें तिनें जाणलें. हें कुंडिनपुर म्हणजे अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठचें कौंडिण्यपूर अशी परंपरा आहे, डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत तेथें उत्खननही केलें. कथेला इतिहास मानण्याचें कारण नाहीं. तथापि विदर्भाच्या नांवाशीं जोडलेली पाककलेची ही फार जुनी आठवण मांसपाकाची आहे, आणि तिची साक्ष एका गृहिणीच्या जिभेनें दिलेली आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तें मांस मृगाचेंच होतें असें मात्र कथाकार म्हणत नाहीं, व आपणही म्हणूं नये.

वऱ्हाडांत हरणाचें मांस घरीं कसें शिजवीत, प्रथमच चुलीपुढें बसणाऱ्या सुनेस तें कोणत्या प्रमाणानें शिकवीत, आणि याचा पुरावा आज कोठें शोधावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रारंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें या प्राण्यांची शिकार बंद झाली असून त्यांचें मांस बाळगणें व विकणें हाही अपराध आहे. तेव्हां पुढील विवेचन जुन्या पोथ्या व जुन्या चुली यांच्या अभ्यासासाठीं आहे. त्यावरून कोणीं प्रयोग करावयाचा झाल्यास तो बोकडाच्या मांसावर करावा. त्याची रीत यथास्थळीं सांगितली आहे.

प्रथम शब्दाचा निर्णय. ‘मृग’ हा शब्द मुळांत कोणत्याही रानपशूचा वाचक होता. ‘मृगया’ आणि ‘मृगेंद्र’ या शब्दांत तो अर्थ अद्यापि टिकून आहे. पुढें तो हरणापुरता संकुचित झाला. इंग्रजींतही असेंच घडलें आहे. तिकडे हरणास आज ‘डीअर’ म्हणतात, पण त्या शब्दाचा जुना अर्थ केवळ ‘जनावर’ असा होता. आणि हरणाच्या मांसास ते ‘व्हेनिसन’ म्हणतात तो शब्द मृगया करणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला असून पूर्वीं कोणत्याही शिकारीच्या मांसास लावीत. म्हणून जुन्या ग्रंथांत ‘मृगमांस’ दिसतांच हरिण समजणें धोक्याचें आहे. ग्रंथकारानें पशूचें विशेष नांव दिलें असेल तरच निश्चय करावा.

विशेष नांवें वैद्यकग्रंथांत भरपूर सांपडतात. चरकानें एण, हरिण, पृषत, कुरंग, शंबर यांस जांगल वर्गांत घातलें आहे आणि रुरु, न्यंकु यांस पाणथळ प्रदेशाच्या आनूप वर्गांत. मृगांच्या मांसांत तो एणाचें मांस श्रेष्ठ मानतो. एण म्हणजे काळवीट, पृषत म्हणजे ठिपकेदार चितळ, शंबर म्हणजे सांबर, हीं समीकरणें सामान्यतः मान्य आहेत. भावप्रकाशकारानेंही रंगावरून एण व हरिण यांचा भेद केला आहे, काळा तो एण आणि तांबूस तो हरिण. आजचे प्राणिशास्त्रज्ञ काळवीट व चिंकारा यांस हरिणांत मुळींच धरीत नाहींत, कारण त्यांचीं शिंगें पोकळ व कायमचीं असतात. सांबर-चितळांचीं शिंगें भरीव, फांद्यांचीं, व ठराविक काळानें गळून पडणारीं. आपल्या लोकव्यवहारानें मात्र दोघांस हरिणच म्हटलें, आणि चुलीच्या दृष्टीनें त्यांत फारसें बिघडत नाहीं, कारण दोघांचेंही मांस चरबीवांचून असतें. या एका गुणावर पुढचा सगळा पाक अवलंबून आहे.

वऱ्हाडची भूमि या दोन्ही जातींस अनुकूल होती. जुन्या महसुली कागदांत या प्रांताचे तीन भाग येतात : मेळघाट, पयनघाट आणि बालाघाट. पूर्णेच्या खोऱ्यांतील पयनघाटाचें काळें सपाट रान काळविटांचें; गाविलगड-नरनाळ्याच्या डोंगरांतील मेळघाट सांबर, चितळ व भेकर यांचा; दक्षिणेकडील माथ्यावरच्या विरळ झाडींत चौशिंगा आणि चिंकारा. नीलगाईस इकडे रोही म्हणतात, व तिच्या नांवांत ‘गाय’ आल्यामुळें कित्येक मांसाहारी घरांतही ती वर्ज्य समजत. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१-६५) कापसाचा भाव चढला, लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोंचला, आणि पयनघाटांतील गवताळ पड जमीन झपाट्यानें नांगराखालीं गेली. काळविटाच्या मांसाचा प्रश्न कायद्यापूर्वीं शंभर वर्षें कापसानेंच बऱ्याच अंशीं निकालांत काढला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां साधनांकडे वळूं. या विषयांतील खरी अडचण अशी कीं, वऱ्हाडांत ज्यांच्या घरीं हरिण शिजे त्यांच्या घरीं बहुधा लिहिणें नव्हतें, आणि ज्यांच्या घरीं लिहिणें होतें त्यांपैकीं बहुतेकांच्या चुलीवर मांस चढत नसे. वऱ्हाडांतील जुन्या मराठी हस्तलिखितांचा सर्वांत मोठा ठेवा महानुभावांचा. त्याचें केंद्र अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर. पण हा पंथ अहिंसेचा. म्हाइंभटांनीं संकलित केलेल्या लीळाचरित्रांत पारधी ज्याच्या मागें लागले आहेत असा ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयास येतो व त्यांच्या कृपेनें वांचतो, अशी लीळा आहे. शिकार त्या वाङ्मयांत येते ती निषेधासाठीं. यांत महानुभावांचा दोष नाहीं. परंतु रिद्धपूरच्या पोथ्यांवरून तेराव्या शतकांतील वऱ्हाडचें अन्न ठरवूं पाहणारा अभ्यासक त्यांच्याच पंगतीचें अन्न साऱ्या प्रांताचें समजून बसतो, ही चूक अनेक लेखांत आढळते. वैद्यकाच्या पोथ्यांची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. मांसाचे गुणदोष वर्णिणाऱ्या त्या पोथ्या नकलून घेणारे वैद्य पुष्कळदां स्वतः मांसास न शिवणारे होते. लघु, वातहर, बल्य इत्यादि विशेषणें ते पिढ्यान्‌पिढ्या अचूक उतरवीत आले. पण तूप किती घालावें हें त्यांस विचारण्यांत अर्थ नव्हता.

ताम्रपटांतून थोडासा प्रकाश पडतो. अचलपूरजवळच्या चम्मक येथें सांपडलेल्या, वाकाटक नृपति द्वितीय प्रवरसेन याच्या अठराव्या राज्यवर्षांतील ताम्रपटानें चर्मांक नांवाचें गांव एक सहस्र ब्राह्मणांस दिल्याचें सर्वांस ठाऊक आहे. फ्लीट यानें तो १८८८ सालीं व महामहोपाध्याय मिराशी यांनीं १९६३ सालीं आपापल्या संग्रहांत प्रसिद्ध केला. त्यांतील माफींच्या यादींत चर्म आणि अंगार यांचा उल्लेख येतो. मिराशींच्या अर्थाप्रमाणें दौऱ्यावर येणाऱ्या राजपुरुषांस बसावयास कातडीं व चुलीस कोळसा पुरविण्याच्या सक्तींतून गांव मुक्त केला आहे. ज्या गांवांस अशी माफी नव्हती त्यांनीं कातडीं व कोळसा पुरवावा लागे, एवढें यावरून निघतें. तीं कातडीं हरणांचीं होतीं किंवा त्या कोळशावर मांस भाजलें जाई, असें मात्र ताम्रपट सांगत नाहीं. गांवाच्या नांवांत ‘चर्म’ दिसतें म्हणून तो चर्मकारांचा किंवा पारध्यांचा गांव ठरविण्याचा मोहही आवरला पाहिजे.

पाकाचीं प्रत्यक्ष प्रमाणें मिळतात तीं राजांच्या ग्रंथांत. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि शके १०५१ च्या सुमाराचा. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेले त्याचे पहिले दोन भाग बडोद्याहून १९२५ व १९३९ सालीं निघाले. त्यांत अन्नभोगाचें प्रकरण वेगळें आहे आणि मृगयेचें वेगळें. मांसाचे तुकडे शूलावर ओवून निखाऱ्यावर भाजण्याच्या प्रकारास तेथें भडित्रक म्हटलें आहे. हिंगाचें पाणी, सैंधव आणि आंबट फळांचा रस हे त्या पाकशाळेचे आवडते पदार्थ दिसतात. आंबटाचा उपयोग केवळ रुचीसाठीं नव्हता. आम्लानें मांसाचा वरचा थर सैल पडतो, हें त्या सूदांस अनुभवानें ठाऊक असलें पाहिजे. (भडित्र आणि आपलें ‘भरीत’ यांचें नातें शब्दव्युत्पत्तिकारांनीं तपासण्यासारखें आहे. दोहोंत विस्तवावर भाजणें समान आहे, तथापि केवळ उच्चारसाम्यावर भिस्त ठेवणें बरें नव्हे.)

दुसरें साधन सातपुड्यापलीकडचें आहे. माळव्याचा सुलतान गियासशाह याच्या पदरीं मांडू येथें पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिहिण्यास आरंभ झालेला निमतनामा हा सचित्र फारसी पाकग्रंथ सध्यां लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. माळव्याचे सुलतान व बहामनी यांची खेरळ्यावरून झालेली झटापट आणि त्याच सुमारास अचलपूरास उदय पावलेली इमादशाही ध्यानांत घेतां या ग्रंथास वऱ्हाडच्या शेजारघरचा म्हणावयास हरकत नाहीं. त्यांत हरणाच्या मांसाचे पाक आहेत. इतकेंच नव्हे तर शिकारीस निघतांना बरोबर काय न्यावें याचीही सूचना आहे. हा ग्रंथ आमच्या संग्राहकांनीं पाहावा तो त्यांतील मोकळ्या हातासाठीं. एकाच पाकाचे ‘दुसरी रीत’, ‘आणखी एक रीत’ असे फांटे त्यांत फुटत जातात, आणि स्वयंपाकघरांत प्रत्यक्ष बोलली जाणारी भाषा ती अशीच असते.

वजनमापें नीट देणारें साधन तिसरें, आईन-ई-अकबरी. त्यांत वऱ्हाडच्या सुभ्याचें वर्णन आहे आणि शाही मुदबखांतील पाकांचीं प्रमाणेंही आहेत. हीं प्रमाणें मुख्यतः मेंढ्याच्या मांसाचीं. तरी हरणाच्या पाकासाठीं तींच पायाभूत धरावीं लागतात, कारण त्यांत तुपाचा हिशेब स्पष्ट आहे. दोप्याजा : दहा शेर मांसास दोन शेर तूप, दोन शेर कांदा, पाव शेर मीठ, अर्धपाव ओलें मिरें, जिरें-धने-वेलची-लवंग प्रत्येकीं एक दाम आणि काळें मिरें दोन दाम. दमपुख्त : दहा शेर मांसास तूप पुनः दोनच शेर, कांदा मात्र एक शेर. कबाब : दहा शेरांस अवघें अर्धा शेर तूप. म्हणजे भांड्याचें तोंड बंद करून किंवा कांद्यांत मुरवून शिजविलेल्या पाकांस तूप मांसाच्या एक-पंचमांश, आणि निखाऱ्यावरच्या पाकास एक-विसांश. मेंढ्याच्या अंगांतच चरबी असल्यामुळें कबाबास एवढें थोडें पुरतें. काळविटाच्या बाबतींत तसें होणार नाहीं. त्याचा तुकडा आईनच्या प्रमाणानें विस्तवावर धरला तर बाहेरून करपून आंतून भुशासारखा होईल. म्हणून नवशिक्या हातानें हरणास प्रथम दोप्याजाच्या वाटेनें न्यावें, शूलाच्या वाटेनें नव्हे, असा निष्कर्ष या आंकड्यांवरून निघतो. हिंदुस्थानांतील हरणांचें मांस कोरडें पडतें अशी जी तक्रार गोरे शिकारी करीत, तिचें मूळही येथेंच आहे.

येथें वाचकांस वजनाविषयीं सावध करणें जरूर आहे, कारण याच ठिकाणीं आमच्या परिचयाच्या दोन-तीन नकलांत घोटाळा झालेला दिसतो. आईनमधील शेर तीस दामांचा. दाम म्हणजे एक तोळा, आठ मासे, सात गुंजा. आजच्या मानानें सुमारें २०.९ ग्रॅम. तेव्हां अकबरी शेर सुमारें ६२७ ग्रॅमचा होतो. त्याच ग्रंथांत पूर्वीं कोठें अठरा, कोठें बावीस दामांचा शेर चालत असे व अकबराच्या राज्यारंभापासून तो अठ्ठावीस दामांचा होता, असेंही म्हटलें आहे. इंग्रजी अमलांतील ऐंशीं तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा. आतां मांस, तूप व कांदा हीं तिन्ही शेरांतच दिलीं असल्यामुळें शेर कोणताही धरला तरी त्यांचें परस्पर प्रमाण बदलत नाहीं. परंतु मसाला दामांत आहे. नकलकारानें मांस इंग्रजी शेरानें तोललें आणि दाम जुनाच ठेवला तर मसाला हव्या त्याच्या दोन-तृतीयांशच पडेल. खरें प्रमाण एक किलो मांसास असें बसतें : तूप २०० ग्रॅम, कांदा २०० ग्रॅम, मीठ २५ ग्रॅम, ओलें मिरें साडेबारा ग्रॅम, चारी मसाले प्रत्येकीं सुमारें सव्वातीन ग्रॅम आणि काळें मिरें साडेसहा ग्रॅमपेक्षां किंचित् अधिक. चुकीच्या शेरानें हेच मसाले प्रत्येकीं सव्वादोन ग्रॅमवर येतात, आणि मग ‘मोंगली पाक फिका असे’ असा निराधार सिद्धांत कोणी तरी मांडतो. मराठी बाडांत याहून एक अडचण अधिक आहे : शेर हा वजनाचाही असे आणि मापाचाही, व तुपासारख्या पदार्थास कोणता लावला हें लिहिणारा सांगत नाहीं.

काळ ठरविण्यास दुसरी खूण मिरचीची. मिरची ही अमेरिकेंतली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत ती इकडे आली. मानसोल्लासांत ती असणें शक्य नाहीं, आणि आईनच्या पाकांतही तिखटपणा मिऱ्याचा व आल्याचा आहे. तेव्हां एखाद्या बाडांतील मांसपाकांत लाल मिरचीची पूड असेल तर तो पाक, निदान त्या स्वरूपांत, फार जुना नव्हे. मात्र मोडी वाचतांना घाई करूं नये. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, अक्षरें एकमेकांस जोडलेलीं असतात, आणि ‘मिरी’ व ‘मिरची’ यांमध्यें एका अक्षराचें अंतर आहे. तें अक्षर फांट्यांत बुडालें असेल तर पाक दोनशें वर्षांनीं पुढें किंवा मागें जातो. ओळींत पुढें येणारें माप पाहावें. मिरें तोळ्यामाशांनीं येतें, मिरची बहुधा नगांनीं किंवा मुठीनें.

राजाच्या मुदबखांतून गृहस्थाच्या चुलीकडे येतांना आपणांस पारध्याच्या मार्गानें यावें लागतें. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातींच्या ग्रंथांत पारध्यांचें सविस्तर वर्णन आहे. लांब दोरीस ओळीनें फांसे बांधून ती रानांत पसरणारे ते फांसेपारधी. शिकविलेल्या बैलाच्या आडोशानें कळपाजवळ जाणारे दुसरे. चित्ता बाळगून काळवीट धरणारे तिसरे. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतील टाकणकार हेही त्यांतलेच. जातीं टांकण्याच्या निमित्तानें ते गांवोगांव हिंडत. जातें टांकून घेणारी बाई आणि फांसा लावणारा पारधी यांची अशी घराच्या ओसरीवर गांठ पडे, आणि आमच्या मतें शिकारीचें मांस बिनशिकारी घरांत शिरण्याचा हा एक स्वाभाविक मार्ग होता. फांशानें धरलेलें जनावर जिवंत हातीं येतें, ही गोष्टही पाकाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. सुश्रुतानें आपोआप मेलेल्या, रोगानें मेलेल्या, विषानें किंवा विषारी बाणानें मेलेल्या पशूचें मांस त्याज्य ठरविलें आहे. फांशाच्या हरणाविषयीं त्यांपैकीं एकही शंका उरत नाहीं.

इंग्रजी अमलांतील गॅझेटियरें या बाबतींत फारशीं उपयोगी नाहींत. लायलचें १८७० चें वऱ्हाड गॅझेटियर, १९१० चें अकोल्याचें व १९११ चें अमरावतीचें, हीं तिन्ही जनावरांकडे शिकाऱ्याच्या किंवा वनाधिकाऱ्याच्या डोळ्यानें पाहतात. मारलेल्या हरणाचें पुढें काय झालें हें त्यांच्या कक्षेंत येत नाहीं. मराठी छापील पाकपुस्तकांपैकीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें १९१० चें गृहिणीमित्र मांसाहारी गृहिणीसाठीं लिहिलेलें खरें, पण तें मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरचें. त्याचा मसाला वऱ्हाडच्या पाट्यावर वाटलेला नव्हे.

तरी वऱ्हाडची हवा व वऱ्हाडचें सरपण यांवरून घरच्या पाकाच्या कांहीं मर्यादा निश्चितपणें सांगतां येतात. थंड देशांत हरिण मारल्यावर तें कित्येक दिवस टांगून ठेवतात. मरणानंतर कांहीं तासांनीं मांस ताठरतें व पुढें त्यांतील द्रव्यांच्या क्रियेनेंच हळूहळू मऊ पडतें. टांगण्याचा हेतु तोच. अकोल्याच्या उन्हाळ्यांत, जेथें पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथें ही रीत अशक्य. मांस ताठरण्यापूर्वींच चुलीवर चढवावें, नाहीं तर दह्यांत किंवा आंबटांत घालून मुरवावें, किंवा लांब पट्ट्या कापून मीठ लावून वाळवावें, एवढे तीनच मार्ग उरतात. वाळविलेल्या पट्ट्यांस मराठवाड्यांत चान्या म्हणतात. पाठीचा लांबट मऊ भाग लौकर शिजतो. मांडी व फरा यांत बांधणीचे तंतु फार, ते पाण्यांत मंद आंचेवर दोन-तीन तास राहिले म्हणजे विरघळून रस्सा दाट करतात. हे दोन भाग एकाच भांड्यांत घालणें ही नवशिक्याची पहिली चूक. एक होईपर्यंत दुसरा सुकतो. तुकडे तंतूंच्या आडवे कापावे, उभे नव्हे. सरपणाचेंही तसेंच. पयनघाटांत सर्वांत सुलभ जळण पऱ्हाटीचें व तुराटीचें, पण तें भडकन पेटतें व लवकर विझतें. फोडणीस तें चांगलें. मंद शिजवणीस गोवरी आणि भाजणीस बाभळीचा निखारा लागतो.

हा पाक कोणास पडताळून पाहावयाचा असेल त्यानें बोकडाच्या मांडीचें मांस घेऊन त्यावरची चरबी पूर्ण काढून टाकावी व उरलेलें वर दिलेल्या दोप्याजाच्या प्रमाणानें, झांकण ठेवून, मंद आंचेवर शिजवावें. दुसऱ्या भांड्यांत तूप एक-विसांश घालून तेंच करावें. दोहोंतील अंतर जिभेला कळतें तें पानभर टीपांनीं सांगतां येत नाहीं. परदेशांत असलेल्या आमच्या वाचकांस अधिक सोय आहे. न्यूझीलंडमध्यें १९६९ पासून परवान्यानें हरणें पाळण्याचा धंदा सुरू झाला, व तेथील तांबडें हरिण सांबराचें जवळचें नातलग आहे. तिकडच्या मराठी घरांतून हा प्रयोग प्रत्यक्ष हरणाच्या मांसावर कायदेशीर रीतीनें होऊं शकतो, आणि तसे टिपण कोणी पाठविल्यास तें निमतनाम्यावरील टीकेइतकेंच उपयोगी ठरेल.

वऱ्हाडांत स्वतः हरिण आज पुष्कळ नाहीं, पण नाहींसेंही झालेलें नाहीं. कारंजा लाडजवळ २००० सालीं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य झालें. हा भाग १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यांत होता, आतां वाशीम जिल्ह्यांत आहे. आसपासचे शेतकरी पिकाच्या नासाडीबद्दल काळवीट व रोही यांवर रुष्ट आहेत, आणि त्यांची तक्रार खोटी नाहीं. तो प्रश्न वनखात्याचा व शेतकऱ्यांचा. आमची चिंता निराळी आहे. १९७२ सालीं विशींत असलेली सून आज सत्तरी ओलांडून गेली आहे. कायद्यापूर्वीं आपल्या सासूजवळ बसून हा पाक शिकलेल्या ज्या बाया मेळघाटाच्या पायथ्याशीं, अचलपूर-अकोटाकडे, बाळापूर-पातूरकडे अजून असतील, त्याच आपल्या शेवटच्या पोथ्या होत. पोथीस वाळवी लागली तर निदान कांहीं पानें उरतात.

त्यांना विचारतांना कायद्याचें भय वाटूं नये म्हणून नांव-गांव छापणार नाहीं हें आधींच सांगावें. पन्नास वर्षांपूर्वींची आठवण सांगणें हा अपराध नव्हे. मात्र घरांत जुनें मृगाजिन किंवा शिंगें असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. अशा वस्तूंच्या घोषणेसाठीं १९७२ च्या कायद्यांत तरतूद होती आणि २००३ च्या नियमांनीं पुनः १८० दिवसांची मुदत मिळाली होती. ज्या संग्राहकांनीं ती साधली नाहीं त्यांनीं वनाधिकाऱ्यांचा सल्ला घेतल्यावांचून अशा वस्तूस हात लावूं नये किंवा ती दुसऱ्यास देऊं नये.

प्रश्न साधे असावे. मांस घरीं कोणी आणून दिलें, पैशानें कीं धान्यानें. तें अंगणांत शिजे कीं घरच्या चुलीवर, कारण कित्येक घरांत मांसाचें भांडें व चूल निराळी असे. तूप घालीत कीं जवसाचें तेल. खोबरें व खसखस भाजून वाटीत कीं कच्ची. दाटपणासाठीं आळण लावीत कीं नाहीं. बरोबर कळण्याची भाकर असे कीं साध्या ज्वारीची. उत्तरें त्यांच्याच मापांत लिहून घ्यावीं : मूठ, पसा, चिमूट, गडवा. त्यांचें ग्रॅममध्यें रूपांतर तेथें बसून करूं नये. बाईच्या हाताची मूठ त्याच दिवशीं धान्यानें भरून घ्यावी, तें धान्य कागदाच्या पुडींत बांधावें, पुडीवर टिपणाचा क्रमांक घालावा, आणि घरीं आल्यावर तराजूंत तोलावें.